‘कुणाच्याही मदतीशिवाय’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो,

‘बाई आणि प्रवास’ हा या अंकाचा विषय ठरवला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, की मोर्च्यांच्या, शिबिरांच्या, सहलींच्या हकिकती येतील. पत्रं आली ती वेगळीच. प्रवासात काय पाहिलं याबद्दल त्यांत दोन ओळी आणि घरातून निघता कसं आलं याबद्दल दोन पानं. तीन दिवसांच्या शिबिराला यायचं तर आधी आठ दिवस दळणं, मसाले, चटण्या करून ठेवाव्या लागतात, असं एकीनं लिहिलंय. परत आल्यावर मोरीतला भांड्यांचा ढीग बघून, जाऊन आल्याचा दंड भरतोय असं वाटलं, असं दुसरीनं लिहिलंय. ही पत्रं वाचताना मला माझी एक गोष्ट आठवत राहिली. ती मी गटाबाहेर कुणाला सांगितलेली नाही, आणि गटातही सांगितली ती अर्धीच. या वेळी संपादकीयाची पाळी माझी आहे, तेव्हा ती पुरती सांगते.

२०२३ च्या जूनमध्ये मी ‘टूर डिव्हाइड’ नावाच्या सायकल शर्यतीत भाग घेतला होता. कॅनडातल्या बॅन्फ गावातून निघायचं आणि रॉकी पर्वताच्या रांगेतून दक्षिणेला जात जात मेक्सिकोच्या हद्दीवरच्या अँटिलोप वेल्स या नाक्यापर्यंत पोचायचं. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. बराचसा रस्ता कच्चा. जंगलखात्याच्या वाटा, खाणींकडे जाणारे जुने रस्ते, गुरांच्या कुरणांतून जाणाऱ्या पायवाटा. सगळे चढ एकावर एक रचले तर एव्हरेस्टच्या उंचीच्या कित्येक पट होतात. आपल्या सह्याद्रीसारखाच तोही पाण्याची वाटणी करणारा डोंगर. आपल्याकडे माथ्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, दुसऱ्या अंगाचा कोकणात उतरून अरबी समुद्रात. तिथे एका बाजूचं पाणी अटलांटिकचं, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिकचं. शर्यतीची वाट ही पाण्याची रेघ पुन्हा पुन्हा ओलांडत जाते.

या शर्यतीला प्रवेश-फी नाही, बक्षीस नाही, टाळ्या वाजवणारं कुणी नाही. ‘मी येते आहे’ असं कळवायचं आणि जून महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी बॅन्फला हजर राहायचं. तिथून पुढे घड्याळ थांबत नाही. झोपलात तरी वेळ मोजला जातो. अंथरूण-पांघरूण, कपडे, खाणं, पाणी, पंक्चरचं सामान सगळं आपल्याच सायकलीला बांधलेलं. हँडलला एक वळकटी, सीटखाली एक लांबोडकी पिशवी, दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात तिसरी. जवळ एक ट्रॅकर असतो. तो उपग्रहामार्फत तुमची जागा कळवत राहतो आणि जगात कुणालाही नकाशावर तुमचा ठिपका हलताना दिसतो.

या शर्यतीचा खरा नियम एकच आहे, आणि मी त्याच्याच प्रेमात पडले होते. सगळं स्वतःच्या बळावर करायचं. कुणी मागून गाडी घेऊन येणार नाही, कुणी वाटेत डबा आणून देणार नाही. मदत घ्यायचीच तर ती वाटेवरच्या प्रत्येक स्पर्धकाला सारखीच मिळू शकेल अशी हवी. दुकानात विकत मिळतं ते घ्या, पैसे देऊन खोली घ्या, स्वतःच्या नावानं टपाल कचेरीत पार्सल पाठवून ठेवा. पण ओळखीच्या माणसानं फक्त तुमच्यासाठी आणलेली भाकरी चालणार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या, उठताबसता ‘स्वावलंबन’ हा शब्द वापरणाऱ्या बाईला हा नियम आवडला नसता तरच नवल.

आता त्या स्वावलंबनापर्यंत मी कशी पोचले तेही सांगायला हवं. माझी मोठी बहीण कॅल्गरीला राहते. बॅन्फ तिथून सव्वाशे किलोमीटरवर. विमानाचं तिकीट तिनं काढलं. सायकल भावजींची. सीट खाली केली तेव्हा ती मला जेमतेम बेतली. संस्थेनं दोन महिन्यांची बिनपगारी रजा दिली आणि माझ्याकडच्या केसेस दोघी सहकारी मैत्रिणींनी आपसांत वाटून घेतल्या. पुण्याहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये मी चार वर्षं जात होते, चाळीस तासांत सहाशे किलोमीटर पूर्ण केले होते. त्या सरावाच्या पहाटे घरात चहा कोण करत होतं? सासूबाई. म्हणजे पहिलं पायडल मारण्याआधीच माझ्या खात्यावर किती जणांची मदत जमा झाली होती पाहा. त्यातली एकही ‘सगळ्यांना सारखी मिळणारी’ नव्हती. आमच्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही मुलीच्या वाट्याला ती येणार नाही. शर्यत फुकट होती, पण शर्यतीच्या रेषेपर्यंत पोचणं फुकट नव्हतं.

बॅन्फला बरीच वर्षं स्पर्धक जमत आले ते वायडब्ल्यूसीएच्या आवारात. बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं ते अंगण बहुतांशी पुरुषांनीच भरलेलं बघून मला हसू आलं होतं. आम्ही थोड्याच बायका होतो. एकमेकींना नजरेनंच ओळख दिली आणि निघालो.

पहिले काही दिवस भीतीचे. तो भाग अस्वलांचा आहे. सायकलीच्या दांड्याला तिखटाच्या फवाऱ्याची बाटली अडकवलेली आणि वळणावर मोठ्यानं ओरडत जायचं, म्हणजे अस्वल दचकत नाही. मी मराठीत ओरडायचे. कधी घोषणा द्यायचे, कधी शिव्या! जंगलात शिरताना जागोजाग फलक असतात. मी ते सगळे वाचले. खाण्याच्या वस्तू तंबूत ठेवू नका, उंच टांगा किंवा लोखंडी पेटीत ठेवा, अस्वल दिसलं तर पळू नका, पाठ न करता हळूहळू मागे सरका. एकाही फलकावर बायकांनी अंधार पडल्यावर बाहेर पडू नये असं लिहिलेलं नव्हतं. अस्वल आहे हे धरून चालायचं आणि वाट सगळ्यांसाठी उघडी ठेवायची, अशी ती रीत. आपल्याकडे गावात एक छेडछाडीची घटना घडली की सातवीनंतरच्या मुलींची शाळा बंद होते, हे त्या फलकांपुढे उभं असताना आठवायचं.

मग पाऊस आणि चिखल. तिथली माती ओली झाली की टायरला अशी चिकटते की चाक आणि दांडा यांच्यामध्ये घट्ट भरून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. चेनमध्ये खडे अडकतात. काडीनं उकरायचं, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. एका दुपारी तीन तासांत चार किलोमीटर सरकले. सायकल ढकलत, उचलत, रडत. एरवी आपण कामात रडत नाही. समोर बसलेली बाई रडत असते, आपण पाण्याचा पेला पुढे करतो. तिथे कुणी बघणारं नव्हतं, म्हणून मोकळेपणानं रडले आणि रडून झाल्यावर पुन्हा काडी हातात घेतली.

हे सगळं मी पार पाडू शकले त्याचं श्रेय माझ्या धाडसाला द्यायचा मोह होतो. खरं श्रेय दुसऱ्याच गोष्टींना आहे. जंगलखात्याच्या तळांवर साधे खड्ड्याचे संडास होते. आत कागद, दाराला आतून कडी. पाळी आली त्या चार दिवसांत ती कडी मला कुठल्याही गिअरपेक्षा मोलाची वाटली. लहानशा गावातसुद्धा सार्वजनिक वाचनालय होतं. आत बसून अंग वाळवता यायचं, मोबाइल चार्ज करता यायचा, ‘कुणाची कोण?’ असं कुणी विचारायचं नाही. मॉन्टानामधलं ओव्हान्डो हे शंभराच्या आतल्या वस्तीचं गाव. तिथे गावाच्या जुन्या तुरुंगाच्या लाकडी खोलीत सायकलवाल्यांना थोड्या पैशांत झोपू देतात. मीही झोपले. पोलीस चौकीत बायकांबरोबर रात्री काढलेल्या आहेत, पण तुरुंगात इतकी गाढ झोप लागेल असं वाटलं नव्हतं. संडास, नळ, टपाल कचेरी, वाचनालय, झोपायला चार भिंती: एका बाईला परक्या मुलखात एकटीनं पुढे जायला एवढं लागलं.

त्याच तुरुंगाच्या बाहेर संध्याकाळी एक पन्नाशीचे गृहस्थ भेटले. तेही शर्यतीत होते. स्वभावानं फार चांगले. खाण्याची पिशवी झाडाला कशी टांगायची ते त्यांनीच मला नीट दाखवलं. बोलता बोलता म्हणाले, की बायकोनं हा महिना मला वाढदिवसाची भेट म्हणून दिला. घरी तीन मुलं आणि त्यांची म्हातारी आई. मी विचारलं, “आणि तुम्ही तिला कोणता महिना दिलात?” ते जरा थांबले, हसले, म्हणाले, “हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.” नियमाप्रमाणे हे गृहस्थ कुणाच्याही मदतीशिवाय चालले होते. त्यांच्या मागून गाडी येत नव्हती, डबा येत नव्हता. घरी तीन मुलं आणि एक म्हातारी सांभाळली जात होती ती मात्र मदतीत धरलेली नव्हती, कारण ती मदत शर्यतीच्या वाटेवर दिसत नाही.

या शर्यतीत बायकांनी काय केलंय हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. अलास्काची लेल विलकॉक्स २०१५ मध्ये शर्यतीला आली तीच मुळी अँकरेजपासून बॅन्फपर्यंत सायकल चालवत, तीन हजारांहून अधिक किलोमीटर. शर्यतीत छातीचा आजार बळावला, वाटेत इस्पितळ गाठावं लागलं, तरी ती १७ दिवस १ तास ५१ मिनिटांत शेवटाला पोचली. तोवर कुठलीच बाई इतक्या वेगानं पोचली नव्हती. त्यावर समाधान न मानता त्याच ऑगस्टमध्ये तिनं तीच वाट पुन्हा एकटीनं १५ दिवस १० तास ५९ मिनिटांत काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, डांबरी सडकेवरच्या ‘ट्रान्स ॲम’ शर्यतीत ती स्त्री-पुरुष सगळ्यांत पहिली आली. त्या शर्यतीच्या शेवटच्या रात्री पुढे असलेला पुरुष स्पर्धक झोपेच्या गुंगीत उलट दिशेला निघाला आणि तिच्या समोर आला. आपण दोघं मिळून शेवट गाठू, असं त्यानं सुचवलं. ही शर्यत आहे, असं सांगून ती पुढे निघून गेली. मला तिच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हे जास्त आवडतं. जिंकायच्या क्षणी वाटून घ्यायला सांगितलं जातं ते बाईलाच, आणि आपल्यातल्या किती जणी त्या क्षणी संकोचानं हो म्हणतील! २०२४ मध्ये तिनं १०८ दिवस १२ तास १२ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ मध्येच, विशीत पाऊल टाकताना, सायकलवरून जगाची फेरी केली होती.

या बायकांचा मला अभिमान आहे. काळजी वाटते ती त्यांच्या नावाचा वापर कसा होतो याची. ‘बघा, मनात आणलं तर बाई काय करू शकत नाही!’ असं व्यासपीठावरून म्हटलं की टाळ्या पडतात आणि मनात आणूनही जिला करता आलं नाही ती गुन्हेगार ठरते. एकीच्या पराक्रमाची छडी करून बाकीच्यांना मारायची ही जुनी खोड आहे. पराक्रमी बाईचा सत्कार करताना तिच्या गावच्या बाकीच्या मुलींसाठी रस्ता, दिवा आणि संडास आहे का, हेही त्याच व्यासपीठावरून विचारलं गेलं पाहिजे.

वायोमिंग राज्यात शर्यतीची वाट साउथ पास सिटी नावाच्या ओसाड खाणगावातून जाते. लाकडी घरांची एक गल्ली, आता ती इतिहास म्हणून जपलेली. याच गावच्या विल्यम ब्राइट या प्रतिनिधीनं मांडलेल्या विधेयकामुळे १० डिसेंबर १८६९ रोजी वायोमिंग प्रांतात बायकांना मताचा हक्क मिळाला. अमेरिकेत देशभर तो हक्क मिळायला १९२० उजाडावं लागलं. १८७० मध्ये एस्थर हॉबर्ट मॉरिस ही बाई याच गावात न्यायदंडाधिकारी झाली, त्या देशातली पहिली. तिनं ते पद आठ-साडेआठ महिने सांभाळलं. सायकल भिंतीला टेकवून मी त्या गल्लीतून चालले. फार थोर वाटलं, आणि जरा वेळानं दुसरंही आठवलं. वायोमिंगनं हा हक्क दिला त्यामागे न्यायबुद्धी होती तशीच बायका फार कमी असलेल्या मुलखात वस्ती वाढावी, नाव व्हावं हीही इच्छा होती. ज्या शोशोनी लोकांची ती भूमी, त्यांच्या बायकांना त्या हक्कात जागा नव्हती. आणि मी तिथे उभी होते त्याच्या वर्षभर आधी, जून २०२२ मध्ये, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पन्नास वर्षं असलेलं गर्भपाताच्या हक्काचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं होतं. मिळालेला हक्क राखायला मागे माणसं लागतात, हे आपल्याला नवं नाही.

त्यापुढे लागतं ते ग्रेट डिव्हाइड बेसिन. इथे पाण्याची ती रेघ दुभंगते आणि मधल्या पठारावर पडलेला थेंब कुठल्याच समुद्राला जात नाही, तिथेच जिरतो किंवा उडून जातो. दीडशेच्या आसपास किलोमीटर दुकान नाही, सावली नाही, प्यायच्या पाण्याची एखाददुसरी जागा. खुरटी झुडपं, वारा आणि लांबवर रानटी घोडे. मोबाइलला रेंज नाही. उजवा गुडघा आधीच दुखत होता, इथे तो सुजला. तरी खरं सांगते, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत शांत दिवस होते. मला कुणी काही विचारत नव्हतं. पीठ संपलंय का, पाहुणे कधी येणार, अर्जावर सही कुणाची. पस्तिशीत पहिल्यांदा माझ्या डोक्यात फक्त माझा रस्ता होता.

पंचविसाव्या दिवशी पलीकडच्या महामार्गावरच्या गावात पोचले, तेव्हा निम्मी वाट जवळजवळ संपली होती. पेट्रोल पंपाच्या दुकानात मोबाइल सुरू केला आणि निरोप पडू लागले. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. घरात सासरे, माझा जोडीदार आणि खालच्या मजल्यावर दीर, असे तीन धडधाकट पुरुष. जोडीदार चळवळीतला आहे, या मासिकाचा वाचक आहे. त्यानं लिहिलं होतं, ‘तू ये असं मी म्हणत नाही. ठरव तू.’ नणंदेचा निरोप होता, ‘वहिनी, आईला अंघोळ घालायला, साडी नेसवायला बाईमाणूसच लागतं ना. मला रजा मिळत नाही.’ दोघांनीही मला बोलावलं नव्हतं. पण दोन्ही निरोपांत मी कधी येणार हाच प्रश्न होता.

मी दोन तास त्या दुकानाच्या पायरीवर बसले. मग शर्यत सोडल्याचं कळवलं, ट्रॅकर बंद केला. सायकल पार्सलनं भावजींकडे पाठवली, मिळेल त्या गाडीनं डेन्व्हर गाठलं आणि घरी आले. सगळ्यांना सांगितलं, गुडघा गेला. गुडघा सुजला होता हे खरं आहे. पण गुडघ्यानं मी तिथे चार दिवस थांबले असते आणि पुढे गेले असते. गेले होते त्यांतल्या किती जणांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट होते! मी सोडली ती त्या दोन निरोपांनी. आणि ते सांगायची लाज वाटली. कार्यकर्ती म्हणवून घेते आणि घरच्या हाकेला एका दुपारीत वितळते, असं कुणी म्हणेल याची. ही गोष्ट अर्धी सांगितली ती याच भीतीनं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. पहिलंच वाक्य, “तू कशाला आलीस? तुझा ठिपका बरा चालला होता की!” त्या रोज सकाळी नातवाकडून, म्हणजे दिराच्या मुलाकडून, माझा ठिपका उघडून घ्यायच्या. तो दोन दिवस वाळवंटात दिसला तेव्हा देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या. अंघोळीसाठी शेजारच्या मावशींना त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पैसेही ठरवले होते. “मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पुरं करूनच ये म्हणून.” त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मुलानं नाही, मुलीनं नाही, आणि मैत्रिणींनो, मीही नाही. पायरीवर बसलेल्या त्या दोन तासांत मी सगळ्यांचा विचार केला, फक्त जिचं मनगट मोडलं होतं तिला फोन करायचं मला सुचलं नाही. म्हातारी बाई म्हणजे सोय लावायची बाब, असं मीही धरून चालले होते.

त्यानंतर आमच्या घरात बरीच भांडणं झाली आणि काही कामाची बोलणीही. ‘ठरव तू’ हा निरोप दिसायला उदार असला तरी त्यात ओझं कुणाच्या खांद्यावर टाकलं जातं, हे जोडीदाराला कळायला वेळ लागला. ‘मी बघतो, तू जा’ असं लिहिण्याइतकी बघायची सवय त्याला नव्हती. ते त्यानं कबूल केलं. मी परत आल्यावर आईचे केस विंचरायला तो शिकला. त्यांना आधी संकोच वाटला, मग नाही. मावशींचाही विचार आला. त्या आमच्याकडे येत होत्या तेव्हा त्यांच्या घरी रांधत होती त्यांची चौदा वर्षांची मुलगी. एका बाईच्या मोकळ्या वाटेचं ओझं असं खाली खाली सरकत जातं आणि सगळ्यांत तळाला एखादी शाळकरी पोर ते उचलून उभी असते.

म्हणून त्या शर्यतीचा नियम मला आता वेगळाच वाटतो. कुणाच्याही मदतीशिवाय असं कुणीच चालत नाही. विचारायचं ते एवढंच, की मदत सगळ्यांना सारखी मिळते का आणि ती देणारीची मोजदाद होते का? हा नियम कागदावर एका शर्यतीपुरता आहे. तो आपल्या कामाला लावून पाहा.

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेनं बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तो मोहिमेचा भाग केला आणि हजारो खेडुत बायका सायकलवर बसल्या. तिथे एकटीदुकटीला शूर व्हावं लागलं नाही. सायकल शिकणं ही सार्वजनिक गोष्ट झाली होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. हे आपण लढून, मागून मिळवलेलं आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण आमच्या पट्ट्यात घरोघर जाऊन पाहिलं तर मुलीची सायकल बरेचदा भाऊ दुधाच्या किटल्या लावून चालवत असतो, आणि अर्ध्या तिकिटाची एसटी संध्याकाळी पाचनंतर वर येतच नाही. ती आलीच, तर थांब्यावर बाईला जायला संडास नाही. मुंबईत ‘राइट टू पी’च्या मैत्रिणी २०११ पासून हेच ओरडून सांगत आल्या आहेत.

आमच्या गटात आम्ही एक सोपा खेळ घेतला, तो तुमच्याही बैठकीत घेऊन पाहा. प्रत्येकीनं डोळे मिटून धरायचं, की उद्यापासून तीस दिवस मी घरी नाही. मग कागदावर दोन रकाने करायचे. एकात, माझं कुठलं काम कोण करेल. दुसऱ्यात, त्या माणसाचं काम मग कोण करेल. दुसरा रकाना भरताना खोलीत शांतता होते. आमच्याकडे एकीनं पहिल्या रकान्यात सगळीकडे मुलीचं नाव लिहिलं, दुसऱ्यात तिच्या शाळेसमोर रेघ ओढली आणि कागद उलटा ठेवला. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याचं नाव तिला आठवलंच नव्हतं. पुढच्या बैठकीला ती येताना मुलाला घरी भात लावायला सांगून आली. खालून करपला होता म्हणे, पण त्यानं केला.

कुणी विचारतात, पुन्हा जाणार का? गुडघा बरा आहे. उरलेली निम्मी वाट तशीच पडून आहे. तिच्यातला सगळ्यांत उंच इंडियाना पास मी पाहिलेला नाही. पैसे कधी जमतील माहीत नाही. पण निघण्याआधी घरात बसून दोन्ही रकाने भरायचे, सासूबाईंना त्या बैठकीत पहिलं बोलू द्यायचं आणि मावशींच्या मुलीची शाळा बुडणार नाही हे बघायचं, एवढं ठरलंय.

या अंकातली पत्रं वाचा. बहुतेक जणींचा प्रवास चाळीस-पन्नास किलोमीटरचा आहे, तालुक्याच्या गावापर्यंतचा, पण चढ तितकाच आहे. कुणी वाटेत परतली असेल तर तिनं तेही लिहावं. गुडघ्याचं कारण सांगितलं असेल तर खरं कारण लिहावं. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही. पुढच्या अंकासाठी तुमच्या दोन रकान्यांच्या कागदांची वाट पाहते.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळासाठी